चाळीस दिवसांची रजा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला "मालवणच्या मुक्कामाबद्दल चार शब्द सांगा" असे म्हटले, तेव्हा मी नकोच म्हणत होते. भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला बोलते तेवढेच माझे बोलणे. पण मग विचार केला, मी मालवणला चाळीस दिवस राहून आले ही गोष्ट आपल्या गल्लीत माझ्यामागे सगळ्यांची बोलून झालीच आहे. कोणी म्हणाले, नवऱ्याशी भांडून गेली. कोणी म्हणाले, मोठे दुखणे आहे, लपवताहेत. एका बाईंनी तर आमच्या सासूबाईंना थेट विचारले, "सून नांदायला परत येणार आहे ना?" तेव्हा एकदा मीच सगळे सरळ सांगून टाकलेले बरे. शिवाय त्या चाळीस दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणूनही बोलावयाचे आहे.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या धांदलीत मी गॅसपुढेच चक्कर येऊन पडले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८ निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारा तरी हवे." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या असे बजावले, आणि शेवटी म्हणाल्या, "महिना-दीड महिना पुरती विश्रांती घ्या." यात मी काही जगावेगळी नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने जी कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे या सभेतसुद्धा निम्म्या खुर्च्यांवर माझ्याच बहिणी बसल्या आहेत असे समजा.

विश्रांती आधी घरीच घेऊन पाहिली. पण घरातली विश्रांती म्हणजे एस. टी. स्टँडवर झोपण्यासारखे आहे. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी हलवते. "तू पडून राहा, फक्त मिठाचा डबा कुठे आहे तेवढे सांग." "तू उठू नको, फक्त भाजीत किती तिखट घालू ते बघून जा." एवढे सांगेपर्यंत आपण उठलेलेच असतो. आठ दिवसांत माझी विश्रांती संपली आणि गोळ्या डब्यातच राहिल्या.

एके दिवशी हे कारखान्यातून आले आणि म्हणाले, "माझ्या रजा फार साठल्या आहेत." ते ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी विचारले, "रजा कशा मोजतात हो?" त्यांनी समजावून सांगितले, की १९४८ सालच्या कारखाना कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. रात्री मी लेकीच्या वहीतला कागद घेतला आणि हिशेब मांडला. माझे काम वर्षाचे ३६५ दिवस. दिवाळीला तर दुप्पट. वीस दिवसांना एक, म्हणजे वर्षाला अठरा दिवस रजा झाली. लग्नाला चोवीस वर्षे झाली. अठरा चोक बहात्तर करीत करीत आकडा आला ४३२. मी चारशे बत्तीस दिवसांची रजा साठवून बसले होते आणि मला पत्ताही नव्हता!

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. हे हसले आणि म्हणाले, "त्या कायद्यात तीस दिवसांच्या वर रजा पुढे ओढता येत नाही. बाकीच्या बुडाल्या."

मी म्हटले, "बुडू देत. साठलेल्या तीस आणि यंदाच्या अठरा मिळून अठ्ठेचाळीस होतात. मी चाळीसच मागते."

"अगं, पण मंजूर कोण करणार?"

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलीत बसल्या होत्या. त्यांचे वय ७६. त्या म्हणाल्या, "आण तो कागद इकडे. मला सही येते." आणि खरोखरच त्यांनी चष्मा लावून खाली सही केली. मग मला म्हणाल्या, "आमच्या वेळी रजा मागायची असते हेच ठाऊक नव्हते. तू मागितलीस, जा."

भगिनींनो, हा हिशेब नुसता थट्टेचा नाही. २०१९ साली केंद्र सरकारने माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली होती. तिच्यात असे निघाले, की दिवसभरात शंभर बायकांतल्या ८१ जणींनी घरकाम केले, आणि शंभर पुरुषांतल्या २६ जणांनी. काम करणाऱ्या बाईचा घरकामात तेव्हा रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि जो पुरुष काम करीत होता त्याचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. यात पगारही नाही आणि रजाही नाही.

पैशांचा प्रश्न होताच. धुण्याच्या यंत्रासाठी म्हणून मी भिशीचे चोवीस हजार बाजूला ठेवले होते. हे म्हणाले, "यंत्रच घे, म्हणजे तुला रोजच रजा." मी म्हटले, "यंत्र कपडे धुते, पण दोरीवर घालीत नाही आणि घड्याही करीत नाही." आपल्या मंडळातल्या एका बाईंचे माहेर मालवणकडचे. त्यांनी चिवला वेळ्याजवळच्या एका काकींचे नाव सुचविले. वेळा म्हणजे समुद्रकिनारा. काकी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि जेवणही घालतात. एका माणसाचे चाळीस दिवसांचे, दोन वेळचे जेवण आणि न्याहारी धरून, वीस हजार ठरले. दिवाळीच्या सुटीत आणि नाताळात तिथे पाहुण्यांची झुंबड असते आणि भाव चढतात. म्हणून मी कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघाले आणि नाताळापूर्वी परत आले. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च जाणवला नाही. राधानगरी, दाजीपूर करीत फोंडाघाट उतरला की हवा बदलते. अंगावरची शाल काढावी लागते, माड दिसू लागतात, आणि कणकवली, कसालवरून मालवण येते.

जाताना मी घरचे सगळे लेकीला नीट समजावून सांगितले. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, दूधवाल्याचा हिशेब, पिठाचे, मसाल्याचे डबे, सगळे. ती अकरावीत आहे, हुशार आहे, कामाला चलाख आहे. मुलगा एकवीस वर्षांचा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला मी म्हटले, "बहिणीला त्रास देऊ नको." एवढेच म्हटले. भगिनींनो, हीच ती चूक. पण ती मला तेव्हा समजली नाही.

मालवणला पहिले तीन-चार दिवस मला करमेना. पहाटे साडेचारला डोळा उघडावयाचा आणि आता काय करू असे व्हावयाचे. न्याहारीला घावणे आले की मी आपली ताटली उचलून विहिरीकडे निघावयाची. काकी ओरडायच्या, "पैशे दितस ना? मगे गप बस गो बाय!" हात मोकळे ठेवणे हे इतके अवघड काम असेल असे मला कधी वाटले नव्हते. पाचव्या दिवसापासून मी पहाटे किनाऱ्यावर जाऊ लागले. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे गार वारा वाहतो, त्याला तिकडे मतलई म्हणतात. दुपारी मात्र हवा दमट, मार्गशीर्षातही पाठ घामाने भिजते. म्हणून दुपारी झोप आणि सकाळ-संध्याकाळ चालणे, असे मी ठरवून टाकले. गोळी लिंबूपाण्याबरोबर, अगदी वेळेवर. जेवणात तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, भात आणि सोलकढी. दुसऱ्याने वाढलेले गरम जेवण शेवटच्या घासापर्यंत गरम असते, हे मला चोवीस वर्षांनी समजले.

एक दिवस होडीने सिंधुदुर्ग पाहून आले. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा तिथे जपून ठेवला आहे. आपले कोल्हापूर आणि मालवण यांचे नाते जुने आहे. १८१२ च्या तहापर्यंत मालवण बंदर कोल्हापूर दरबारचे होते. तेव्हा मी काही परमुलखात गेले नव्हते, असे मी त्या नांदण्याची चौकशी करणाऱ्या बाईंना सांगू इच्छिते.

आणखी एक आनंदाची गोष्ट सांगते. त्या दिवसांत तिकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. काकींबरोबर मी शेजारच्या गावी गेले. आधी गणपती आला, मग काळ्या वेषातला संकासुर आला, त्याने पोरांना हसवले आणि घाबरवलेही. मग मुख्य नाटक. बायकांची कामे पुरुषच करतात आणि नऊवारी अशी चापून नेसतात, की आपण बघत राहावे. पहाटे दहीकाला होऊन आम्ही घरी आलो आणि मी सकाळी दहा वाजेपर्यंत झोपले. लग्न झाल्यापासून सकाळचे दहा मी अंथरुणात कधी पाहिले नव्हते. जागरणे आपण सगळ्याच जणी करतो. पण जागरणानंतरची झोप आपल्याला मिळत नाही, ती घरातल्या बाकीच्यांना मिळते.

सतराव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या. "पोरगी साडेचारला उठते. भाकऱ्या, डबे, माझे पाणी, सगळे करून कॉलेजला जाते. रात्री पुस्तक छातीवर घेऊन झोपते. चाचणी परीक्षेत गणितात नापास झाली. तुला सांगू नका म्हणून तिने मला शपथ घातली आहे. पण मला राहवले नाही."

माझ्या पायांखालची वाळू सरकली. माझी विश्रांती मी कुठून आणली होती ते एका क्षणात दिसले. मी ती ह्यांच्याकडून घेतली नव्हती, मुलाकडून घेतली नव्हती. माझ्या लेकीच्या अभ्यासातून काढून घेतली होती. तीस वर्षांपूर्वी माझी आई आजारी पडली तेव्हा माझी शाळा अशीच सुटली होती. आणि मीही त्या वेळी कुणाला काही बोलले नव्हते.

मी पिशवी भरावयास घेतली. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "जातंस तर जा. पण तू गेलंस तर झिलाक भाकरी कोण शिकवतलो?" झील म्हणजे मुलगा.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे किनाऱ्यावर गेले तर रापण ओढणे चालले होते. होडीने मोठे जाळे समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एका बाजूने जोर लावला आणि दुसरी बाजू सैल पडली, तर जाळे वाकडे होऊन मासळी निसटते. म्हणून दोन्हीकडचे एकमेकांना हाका मारीत, सारख्या जोराने ओढीत होते. मी तिथे तासभर उभी होते. चोवीस वर्षे आमच्या घरचे जाळे मी एका दोराने ओढीत होते, आणि माझा हात दुखला तेव्हा तोच दोर मी लेकीच्या हातात देऊन आले होते. दुसरा दोर वाळूत तसाच पडला होता.

सकाळी ह्यांना फोन केला. आधी हे म्हणाले, "पोरीच्या जातीला कामाची सवय पाहिजेच." मी भांडले नाही. फक्त गणिताचे मार्क सांगितले. हे गप्प झाले. लेकीने इंजिनीअर व्हावे ही त्यांचीच इच्छा, आणि तिचे मार्क त्यांना ठाऊकच नव्हते. मग मी म्हटले, "आजपासून ती सहाच्या आत उठली असे मला कळले, तर मी दुपारच्या गाडीने परत येते. आणि पुढच्या वेळी चक्कर येऊन पडेन तेव्हा मला उचलावयालाही तुम्हालाच यावे लागेल."

फोनवरच वाटणी झाली. भात-आमटी आणि दूध मुलाकडे. भांडी आणि सासूबाईंच्या गोळ्या ह्यांच्याकडे. बसल्या बसल्या भाजी निवडणे सासूबाईंनी स्वतःहून घेतले. भाकऱ्या गल्लीतल्या एका बाईंकडून रोख पैसे देऊन घ्यावयाच्या. लेकीकडे फक्त आपले कपडे आणि संध्याकाळचा चहा. पहिले तीन दिवस सगळ्यांनी खिचडीच खाल्ली, आणि एक पातेले असे करपले, की ते अजून कुंड्यांना पाणी घालावयास वापरतो. पण मी परत गेले नाही. ते राहिलेले तेवीस दिवस हीच माझी खरी रजा. त्याआधीचे सतरा दिवस उसनवारीचे होते.

तेव्हापासून काकींकडेही माझे लक्ष जाऊ लागले. मी ज्या ताटावर बसत होते, त्यामागे त्या पहाटे उठून बाजारातून मासळी आणीत होत्या, नारळ खवीत होत्या. मी विचारले, "काकी, तुमची रजा कधी?" त्या हसून म्हणाल्या, "पाऊस लागलो काय पावणे बंद. तीच माझी रजा." पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. यंत्राच्या बोटींच्या मासेमारीलाही सरकारची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग पुन्हा दर्या खुला. मला वाटले, समुद्रालासुद्धा दम खाऊ द्यावा लागतो हे सरकारला समजते, कोळ्यांना समजते. घरातल्या बाईला मात्र चक्कर येऊन पडावे लागते, तेव्हा कुठे ते समजते. निघताना मी काकींना ठरल्या पैशांवर एक नऊवारी दिली. आणि शेवटच्या दिवशी त्यांना बसवून मी पिठले-भाकरी केली. त्या दिवशी मात्र त्यांनी मला "गप बस" म्हटले नाही.

घरी आल्यावर रक्त तपासले, १०.४ झाले होते. पुढे गोळ्या चालू ठेवल्या आणि होळीपर्यंत बाराच्या वर गेले. विश्रांतीने रक्त वाढत नाही, ते गोळ्यांनी आणि अन्नानेच वाढते. पण गोळी आठवणीने घेण्याइतकी उसंत मिळते ती विश्रांतीमुळेच. लेक वार्षिक परीक्षेत गणितात पास झाली. मार्क फार नाहीत, पण बारावीला वर्ष हाताशी आहे. मुलगा रविवारी अजून आमटी करतो, तिखट जास्त पडते. हे त्यांचा स्वतःचा डबा घासतात, त्यापुढे गाडी गेलेली नाही. उगीच खोटे कशाला सांगू?

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की तुम्हीही रजा घ्या. मालवणलाच जावे असे नाही आणि चाळीस दिवसच हवेत असे नाही. पण घरापासून इतक्या लांब जा, की "मिठाचा डबा कुठे आहे" ही हाक ऐकू येणार नाही. समुद्रावर गेलात तर ओळखीचे घर पाहा, गर्दीचे दिवस टाळा, आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, निघण्याआधी आपल्या कामाची यादी करा आणि ती घरातल्या पुरुषांच्या हाती द्या. दोन-चार दिवस त्यांच्याकडून करवून घ्या, मगच गाडीत बसा. लेकीच्या किंवा सुनेच्या डोक्यावर ठेवून घेतलेली रजा ही रजा नव्हे, ते नुसते ओझे बदलणे आहे.

यंदा दिवाळीनंतर मी पुन्हा पंधरा दिवस जाणार आहे, आणि या वेळी सासूबाई माझ्याबरोबर आहेत. पंचाहत्तरीनंतर एस. टी.त तिकीट लागत नाही. त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि मंजुरीची सही माझ्याकडून घेतली. फक्त एकच विचारले, "तिथे गेल्यावर कोणी लसूण सोलायला लावणार नाही ना?"

 एवढे बोलून मी आपली रजा घेते.